वीस मोजा, मग बोला

आमच्या मेंढरं कोंडायच्या वाडग्यापुढं दगडाची एक कुंडी होती. मेंढरं तिच्यात पाणी प्यायची. चार माणसांनी उचलावी एवढी जड, आतून शेवाळ धरलेली, आणि कडेला एका जागी मेंढरांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेली. त्या गुळगुळीत जागी माझीही मान टेकलेली आहे. ते कसं झालं तेवढंच मला लिहायचं आहे. जन्म कधीचा, जमीन किती, कोण कुणाचा कोण, ते मी लिहीत बसत नाही. मला तारखा ठाऊक नाहीत आणि चौथीच्या पुढं मी शाळा पाहिली नाही. अक्षर वाकडं आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं, न घेतलं तरी माझं काही म्हणणं नाही.

घरात आम्ही पाचजण. वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो. आई. थोरला भाऊ, दादा. दादाची बायको भागा वहिनी, आणि मी. आण्णांचा घोंगड्यांचा माग होता. सकाळपासून त्याचा खट खट आवाज चाले आणि तो थांबला की घरातल्या सगळ्यांच्या माना वर होत, आता काय झालं म्हणून. आई चिंचोक्याची खळ शिजवायची, घोंगड्याला लावायला. त्या खळीचा आंबूस वास, ओल्या लोकरीचा वास आणि चुलीवरच्या हुलग्याच्या माडग्याचा वास असे तिन्ही वास एकमेकांत मिसळलेले असत. आजही बाजारात कुणी हुलगे भाजायला काढले की मला आधी ओली लोकर आठवते. बाजरीची भाकर, वर मेंढीच्या दुधाची साय आणि मीठ. याच्यावर मी वाढलो. मारावरही वाढलो, तो आण्णांच्या हातचा.

पंधरा वर्षांचा असेन. तेव्हा माझ्या अंगात काहीतरी उठायचं. आधी कान गरम व्हायचे, मग तळहातांना मुंग्या यायच्या, मग छातीत कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं व्हायचं, आणि त्याच्यानंतरचं मला धड आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच, की समोर काहीतरी फुटलेलं आहे, आई भिंतीला चिकटलेली आहे आणि माझा घसा सोललेला आहे. एकदा मागावरचं अर्धं घोंगडं मी विळ्यानं फाडलं. कारण काय, तर आण्णा म्हणाले, शाळेचं नाव काढू नको. तेवढं एक वाक्य.

आण्णा मारायचे. दादा धरून ठेवायचा. आई रडायची. कशानंच उतरायचं नाही, उलट चढायचं. उतरवता यायचं एकट्या भागा वहिनीला.

ती असेल एकोणीस-वीसची. माहेर तेलगावच्या बाजूचं, तिच्या बापाकडं टकरीचे मेंढे असायचे. तिनं काय केलं ते सांगतो. पहिल्यांदा मी पिसाळलो तेव्हा ती पुढं आली, माझ्या मानेवर हात ठेवला, ओढत कुंडीपाशी नेलं आणि माझं तोंड पाण्यात घातलं. गार पाणी, शेवाळाचं. नाकात गेलं. वर काढलं, पुन्हा घातलं. मग माझाच हात धरून माझ्याच पोटावर ठेवला.

"मोजा भावजी."

"काय मोजू?"

"पोट किती डाव खाली जातंय ते. वीस झाले की बोला. आदी एक शबुद न्हाई."

मी मोजले. बाराच्या पुढं छातीतला गुडघा निघाला. वीस झाल्यावर तिनं विचारलं, "कुठं लागलंय?"

का चिडला असं तिनं कधीच विचारलं नाही. ते सगळे विचारायचे. ती विचारायची कुठं लागलंय, जसं काही मी दगडावर पडलो होतो. आणि मला सांगता यायचं. मी म्हणायचो, शाळेचं लागलं. ती म्हणायची, लागंलच की. मग तिच्या कामाला निघून जायची.

हे कुठं शिकलीस म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "आमचे आबा मेंढ्याला असंच करत्यात. टकरीत डोळ्यात रगत उतरलं की मेंढा मालकाला बी वळखत न्हाई. त्येच्या तोंडावर पाणी मारायचं, हनुवटी वर धरायची, आन कूस किती डाव हलती ते मोजायचं. मारलं तर अजून पेटतंय जनावर." मग हसून म्हणाली, "तुमाला शिंगं न्हाईत एवढंच बरं हाय."

आता मध्येच आजचं सांगतो, नाहीतर हे मी का लिहितोय ते कळणार नाही. माझी नात साक्षी दहावीला आहे. मुलगा आणि सून ऊसतोडीला जातात, सहा सहा महिने घरी नसतात. म्हणून ती आमच्याकडं वाढली, खरं म्हणजे माझ्या बायकोकडं. सरू तिचं नाव. सरू गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. भाकरी करता करता खाली बसली ती उठली नाही. भाकर तव्यावर जळली, तो वास पोरीनं शाळेतून येताना अंगणात घेतला. तेव्हापासून पोरगी पेटते. ताटं फेकते, दार लावून ओरडते, आणि एकदा मला तिच्या मनगटाच्या वर ओरखडे दिसले. दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाईंना जाऊन भेटलो. त्यांनी बीडच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

तिथं मनाचं बघणाऱ्या एक मॅडम आहेत. दर गुरुवारी आम्ही कडा या बाजारगावाहून एसटीनं जातो. मला वाटलं होतं गोळ्या देतील. त्यांनी बर्फ घातलेल्या पाण्याचं घमेलं टेबलावर ठेवलं आणि पोरीला म्हणाल्या, लई वाढलं की तोंड याच्यात धरायचं, मी शिकवते तेवढंच, तेवढाच वेळ. मग तिचा हात तिच्या पोटावर ठेवायला लावला. श्वास हळू सोड, मोजत. मग विचारलं, "आता कुठं जाणवतंय, साक्षी? छातीत, की घशात?"

मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. मॅडमना वाटलं मला चक्कर आली.

नंतर त्यांनी मलाही आत बसवायला सुरुवात केली. घरच्यांनी पण शिकायचं असतं म्हणे. पोरीला एक कागद दिलाय, रोज त्याच्यावर लिहायचं, आज काय वाटलं, किती वाटलं, मग काय केलं. राग येणं चूक नाही, रागात हात कुठं जातो ते आपल्या ताब्यात आणायचं, असं त्या सांगतात. आणि रागाच्या खाली दुसरं काहीतरी दडलेलं असतं, ते उचकून बघायचं. मला म्हणाल्या, "आबा, तुम्ही पण लिहा. तुम्ही या वयाचे होता तेव्हाचं." वही त्यांनीच दिली. दोन महिने कोरी होती. आता का लिहितोय, ते शेवटी येईल.

त्या वर्षी मेंढरं मरायला लागली. तोंडाला फेस यायचा, पाय ताठ व्हायचे, की संपलं. वाडग्याच्या कुडावर कावळे येऊन बसत आणि हाकलले तरी उठत नसत. एका ऐतवारी आण्णा देवाला भंडारा लावत होते, म्हणजे हळदीची पूड, आमच्या देवाला ती लागते. मला कशावरून तरी उठलं आणि मी ओरडलो, मरंल, समदं मरंल. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा मेंढरं आडवी. आण्णांचा सगळ्यात मोठा मेंढा त्याच्यात.

आण्णा वाडग्यातून आले ते माझ्याकडं बघतच आले. मी मागं सरकलो, आता मारतील म्हणून. त्यांनी माझ्या पायाला हात लावला.

असं माझ्या रागाला देवाचं नाव पडलं. बापानं पाया पडणं काय असतं ते ज्याला रोज मार बसलाय त्यालाच कळेल. आई मला पहिली भाकर वाढायला लागली. दादा माझ्यापुढं उभा राहिना. मला उठलं की आता कुणी धरत नव्हतं, कपाळाला भंडारा लावून समोर हात जोडून बसत आणि विचारत. बैल कुठं गेला. पाऊस कधी. मी तोंडाला येईल ते बोलायचो. काही खरं व्हायचं, काही नाही. नाही झालेलं कुणी लक्षात ठेवत नव्हतं.

भागा वहिनी तेवढी हात जोडायची नाही. एकदा ती आईला चुलीपाशी म्हणाली, ते मी ऐकलं. "आत्या, ह्यो देव न्हाई. पोराचा राग हाय. उतरवला न्हाई तर वंगाळ व्हईल." आईनं तिच्याकडं असं बघितलं, की मला भाकर कडू लागली.

आता ती सकाळ. उन्हाळा होता, विहिरीनं तळ दाखवलेला. मला उठलं. वहिनी घागर घेऊन येत होती, तिनं घागर ठेवली, माझी मानगूट धरली आणि नेलं कुंडीला. मेंढरांसाठी शेंदलेलं पाणी होतं, तेच. कुडावर माझा चुलतभाऊ नामा आणि आणखी तिघं पोरं बसली होती. नामा माझ्याच वयाचा. तो ओरडला, "ए, बघा बे, देव मेंढरासारका पाणी प्येतोय." आणि चौघं कुडावरून पडतील एवढे हसले.

मी वीस मोजले. राग उतरला. खरंच उतरला. वहिनीनं विचारलं, कुठं लागलंय, तर मी पहिल्यांदा काही बोललो नाही. तिनं थोडी वाट बघितली आणि घागर उचलून गेली.

दुपारी आण्णांनी मला माग बाजूला सारून तिथं बसवलं. भावकी गोळा झाली होती. कपाळाला भंडारा लागला. आण्णा म्हणाले, "देवा, कोन खातंय माजी मेंढरं? भायेरचं हाय का घरातलं?"

हे मला नीट लिहिलं पाहिजे. त्या वेळी माझ्या अंगात काहीच नव्हतं. कान गार होते. हात गार होते. मी जेवलेलो होतो. मी अंग हलवलं, डोळे फिरवले आणि म्हणालो, "घरातलं."

"कोन?"

समोर ती दारात उभी होती. हाताला पिठाचे डाग. मी म्हणालो, "भागा."

मागं कुणीतरी श्वास घेतला तेवढा ऐकू आला. ती ओरडली नाही, रडली नाही. माझ्याकडं बघत राहिली आणि मला कळलं, की तिला कळलंय. या घरात तिला एकटीलाच माझा उतरलेला चेहरा ओळखता येत होता.

त्याच उन्हात तिला घालवली. दादा वीसेक पावलं पुढं चालत होता, ती मागं, डोक्यावर एक गाठोडं. गावाच्या शिवेपर्यंत पोरं मागं गेली. त्यांनी धोंडे मारले. एक तिच्या पाठीत लागलेला मी कुंडीपाशी उभा राहून बघितला. गाठोडं पडलं. तिनं वाकून उचललं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. दादा वळला नाही. त्यानं तिला परत आणलं नाही, पुढच्या वर्षी दुसरी केली.

मेंढरं मरायची थांबली. आठ-दहा दिवसांनी थांबली, तोवर राहिलेली पण बरीचशी मेली होती. पण थांबली. सगळ्यांना पुरावा मिळाला.

मला मात्र उठायचं थांबलं नाही. आणि आता उतरवायला कुणी नव्हतं. एकदा उठलं तेव्हा मी कोकराचा गळा धरला होता, ते शुद्धीवर आल्यावर बघितलं. कोकरू जगलं. त्या दिवसापासून कान गरम झाले की मी स्वतःच कुंडीकडं पळायचो, तोंड घालायचो, पोटावर हात, एक, दोन, तीन. वीसपर्यंत. कुठं लागलंय म्हणून स्वतःलाच विचारायचो आणि दर वेळी उत्तर एकच यायचं. हळूहळू उठणं कमी झालं. लोक म्हणाले देव आंघोळ करून निघून गेला. जिला मी घालवली तिच्याच हातानं मी माणसात आलो.

सरूशी लग्न झालं त्याच सुमारास देव गेला, म्हणून सरूच्या डोक्यात कुणीतरी घातलं, की तुझ्या पायगुणानं गेला. तिनं जन्मभर ऐतवार धरला. काही खायची नाही. मी म्हणायचो कशाला करतीस, तर म्हणायची, "माज्यामुळं गेलाय, मीच आनीन की." मी एका वाक्यात सोडवू शकलो असतो. चाळीसच्या वर वर्षं ती दर ऐतवारी उपाशी राहिली आणि मी तिच्यासमोर बसून जेवलो.

वहिनी एकदा दिसली. कड्याच्या बाजारात, हिरव्या मिरच्यांच्या ढिगामागं बसलेली. केस पांढरे. सरू माझ्याबरोबर होती. वहिनीनं मिरच्या तोलल्या, पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "राग येतो का अजून, भावजी?"

मी म्हणालो, "कमी हाय."

"पाणी लावत जावा," ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

सरूनं विचारलं कोण बाई. मी म्हणालो, भावकीतली.

आता या ऐतवारचं. दिवाळीनंतर नामा घरी आला होता, साक्षी तेव्हा पेटलेली होती आणि ती त्याच्या तोंडावर ओरडली, निघा इथून, तुमचं वाटोळं होईल. पंधरा दिवसांत नामाच्या चार शेळ्या मेल्या. या गुरुवारी संध्याकाळी नामा परत आला तो हात जोडूनच. म्हणाला, "म्हादू, तुजा देव नातीच्या अंगात आलाय बे. सरूनं मरून आनला त्येला. आता बीडबीड बंद कर. देव दवाखान्यात नसतो नेत." त्याच्या घरात नवी नातसून आली आहे, तेव्हापासून शेळ्यांचं हे चाललंय, असं तो म्हणाला. "ऐतवारी येतो भावकी घिऊन. इचारून घिऊ पोरीला, कोन हाय ते."

म्हणून मी वही काढली. गुरुवारी रात्री नाही, रात्री मला दिसत नाही. शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस अंगणात बसून लिहिलं, आणि हे शेवटचं आज लिहितोय.

आज ऐतवारी सकाळी ते आले. सात-आठ माणसं. नामाच्या हातात भंडाऱ्याचं ताट. मागं ती नातसून, पदर पुढं ओढलेला, वय असेल एकोणीस-वीस. तिला कशाला आणलंय ते तिला माहीत होतं, ती बंद दारावरची नजर काढत नव्हती. आत साक्षीनं काहीतरी आपटलं. भावकीनं एकमेकांकडं बघितलं आणि हात जोडले.

"पोरीला भायेर आन," नामा म्हणाला.

मी म्हणालो, "आदी माजं ऐका. माज्या अंगात कदीच देव आला न्हवता. राग व्हता. आन ज्या दिवशी म्या भागा वहिनीचं नाव घेतलं, त्या दिवशी राग बी न्हवता. तुमी हसला, मला लाज वाटली, म्हनून घेतलं. शुद्धीत."

मॅडम म्हणतात तसं खाली उचकून बघितलं तर लाजच निघाली. आणखी एक त्या म्हणतात, दोन गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. मी पोर होतो हे खरं, आणि मी केलं हे खरं. एकानं दुसरं पुसत नाही.

नातसुनेनं पदराखालून माझ्याकडं बघितलं. नामानं ताट छातीशी ओढून धरलं.

"म्या पयला धोंडा मारला व्हता," तो म्हणाला. "पाठीत लागला तो माजाच."

"ठाऊक हाय."

"मग देव व्हता," नामा म्हणाला. "व्हता म्हादू. म्या डोळ्यानं बघितलाय. तू म्हातारपनी कायबी बरळू नको." त्याचे डोळे असे झाले होते, की मला टकरीचा मेंढा आठवला. माझ्यावरचा राग नव्हता तो. देव नसला तर त्या धोंड्याचं तो काय करणार होता? त्यानं चिमूटभर भंडारा घेतला आणि दाराकडं निघाला. मी आडवा उभा राहिलो. त्यानं मला सरकवलं. माझ्यात आता जोर कुठला.

दार आतून उघडलं. साक्षी उभी होती. केस ओले, तोंड ओलं, गळ्यावरून पाणी ओघळत होतं, आणि एक हात पोटावर. ओठ हलत होते. नामाची चिमूट तिच्या कपाळापुढं थांबली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती, आणि मोजत होती. आम्ही सगळे थांबलो. का थांबलो कुणाला ठाऊक. मेंढरंसुद्धा अशी थांबतात.

"आबा," ती म्हणाली, "वीस झाले."

मी विचारलं, "कुठं लागलंय?"

"आजीचं," ती म्हणाली, आणि खाली बसून रडायला लागली. देवासारखी नाही, पोरीसारखी. नामाच्या नातसुनेनं पदर मागं टाकला, पुढं आली आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

नामा गेला. जाताना म्हणाला, अमावस्येला परत येतो, त्या दिवशी देव लपत नाही. बरोबरच्या दोघांनी माना हलवल्या, दोघांनी नाही हलवल्या, एवढं मी बघितलं. उंबऱ्यावर भंडारा सांडलाय, तो मी अजून झाडलेला नाही. नातसूनही त्यांच्याच मागं गेली, तिला जायला दुसरीकडं जागा नाही.

अमावस्या आठ दिवसांवर आहे. मधल्या गुरुवारी आम्ही बीडला जाणार. आणि आज दुपारी मी आणि साक्षीनं मिळून ती जुनी कुंडी घासली. वर्षानुवर्षं सरू तिच्यात घरचा कचरा टाकायची. आता भरून ठेवली आहे, काठोकाठ. नामाला लागली तर त्याच्यासाठीही आहे.